गुणाढ्याच्या मुलखात प्रेमकथेला जागा का नाही?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मार्च तोंडावर आला की ग्रंथखरेदीची बैठक होते. गेली सहा वर्षं मी त्या निवड समितीत आहे. यंदा मी एका कादंबरीचं नाव सुचवलं. प्रेमकथा आहे, हलकीफुलकी आहे आणि तिच्यात थोडी जादू आहे, एवढंच सांगितलं. नाव यादीत चढलंच नाही. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "बाई, इथं माणसं कर्जापायी मरायलीत, आन् आपण पोरींना जादूच्या प्रेमकथा वाचायला द्यायच्या का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढचं नाव पोलीस भरतीच्या मार्गदर्शकाचं होतं. ते एकमतानं मंजूर झालं, पाच प्रतींसह.

त्या सदस्यांचा मला राग नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आईसोबत खडी फोडलेली आहे. त्यांचं वाक्य आतून आलेलं होतं आणि म्हणूनच त्याला बैठकीत उत्तर देणं मला जमलं नाही. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. हा प्रश्न आमच्या एका वाचनालयापुरता नाही. मराठवाड्यातल्या माणसानं काय लिहायचं आणि काय वाचायचं, याची एक न लिहिलेली यादी आपण सगळ्यांनी मिळून केली आहे. तिच्यात दुष्काळ आहे, कर्ज आहे, ऊसतोड आहे, भूकंप आहे. आनंदाची गोष्ट तिच्यात नाही. हे चूक आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते इथं मांडते.

आधी त्या कादंबरीबद्दल. नाव सांगत नाही, कारण वाद त्या एका पुस्तकापुरता नाही. एका लहान गावात बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारी तिशीतली बाई ही नायिका. आजीच्या पडक्या वाड्यात एक जातं आहे. त्या जात्यावर जो दळायला बसेल, त्याच्या तोंडून आपोआप ओवी बाहेर पडते आणि ती ओवी त्याच्या मनातलं खरं सांगते. दळणाऱ्याला ती थांबवता येत नाही, पीठ संपेपर्यंत. गावात मोजणीला भूकरमापक येतो. वाड्याच्या हद्दीवरून त्याचं आणि नायिकेचं कडाक्याचं भांडण होतं. नंतर एका सणाला, घरात बाईमाणूस कमी म्हणून, त्यालाच जात्यावर बसवलं जातं. पुढं काय होतं ते ओळखता येतं. तरी तो प्रसंग वाचताना मी रात्री साडेअकराला मोठ्यानं हसले आणि शेजारच्या खोलीतून सूनबाई विचारायला आली की आई, काय झालं.

मला त्यातलं काय आवडलं ते नीट सांगते, कारण अशा पुस्तकांबद्दल 'छान टाइमपास आहे' याच्या पुढं कुणी बोलत नाही. जात्याची कल्पना ही आपल्या मातीतली आहे. आपल्या आज्या जात्यावरच खरं बोलत. दिवसभर सासू, नणंद, दीर यांच्यासमोर मिटलेलं तोंड पहाटे जात्याशी बसलं की उघडायचं. माहेरची ओढ, नवऱ्याबद्दलची माया, सासुरवासाचा राग, सगळं ओवीत यायचं. कुणाला बोल लावता येत नसे, कारण ते 'गाणं' होतं. लेखिकेनं हे हेरलं आणि त्याला फक्त एक पाऊल पुढं ढकललं. चांगली जादू अशीच असते. खऱ्या गोष्टीचाच धागा ती थोडा जास्त ताणते.

दुसरं म्हणजे नायिका. लग्न हे तिचं संकट नाही. दुकानाचं भाडं, प्रिंटरची शाई, वीज गेली की अडणारे फॉर्म, यांत तिचा दिवस जातो, आणि प्रेम त्या दिवसाच्या फटीतून येतं. तिला वाचवायला कुणी येत नाही. भूकरमापक तिच्या दुकानात रांगेत उभा राहतो, सातव्या नंबरवर, आणि ती त्याला आधी घेत नाही. अशा बारकाव्यांत ही कादंबरी उजवी आहे.

ती निर्दोष मात्र नाही. शेवटच्या शंभर पानांत गैरसमजाचा घोळ फार लांबवला आहे. दोन माणसांनी एकदा समोर बसून बोललं असतं तर तीस पानं वाचली असती. नायिकेची आई कागदावर उतरतच नाही, ती फक्त चहा आणते. आणि सर्वांत मोठी चूक जात्याचीच. जातं खोटं बोलू देत नाही हा नियम स्वतः लेखिकेनं घातला, आणि शेवटाकडं कथानक अडलं म्हणून एका पात्राला जात्यावर बसून खोटं गाऊ दिलं. जादूच्या गोष्टीत नियम मोडला की वाचकाचा विश्वास मोडतो. वास्तववादी कादंबरीत एखादा तपशील चुकला तर वाचक माफ करतो. इथं सगळी इमारतच त्या एका नियमावर उभी असते. हे दोष मी मुद्दाम लिहिते आहे. हलकं लिहिणं सोपं असतं हा समज आधी जायला हवा. हलक्या गोष्टीलाही कसब लागतं, तिचंही परीक्षण कडकपणे व्हायला हवं, आणि ते करायचं तर आधी ती वाचायला हवी.

आता त्या सदस्यांच्या मुद्द्याकडं येते. माणसं मरत असताना प्रेमकथा कशाला?

या मुलखातली सर्वांत जुनी गोष्ट कोणती, हे आठवून पाहा. पैठणला तेव्हा प्रतिष्ठान म्हणत. सातवाहनांची राजधानी. कथासरित्सागरात एक आख्यायिका आहे. राजा राण्यांसोबत जलक्रीडा करत असताना एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः' मला मारा. म्हणजे 'मा उदकैः', पाणी उडवू नका. राजाला संधी उलगडला नाही. त्यानं मोदक मागवले. राणी हसली आणि राजा खजील होऊन अंथरुणाला खिळला. त्याला व्याकरण शिकवण्यावरून दरबारात पैज लागली. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. शर्ववर्म्यानं करून दाखवलं. पैजेप्रमाणं गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा, तिन्ही सोडल्या आणि तो विंध्याच्या अरण्यात निघून गेला. तिथं त्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. शिष्यांनी ती सातवाहनाकडं आणली. राजानं भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि ती परत पाठवली.

मग गुणाढ्यानं एका टेकडीवर कुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकलं. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती गोळा झाली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाच्या ताटातलं मांस सुकं यायला लागलं, राजा आजारी पडला, चौकशीत कारण कळलं आणि तो धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरले एक लाख. शिष्यांना ती कथा आवडायची म्हणून गुणाढ्यानं ती तेवढी मागं ठेवली होती. ती कशाची कथा होती? वत्सराज उदयनाच्या मुलाची, नरवाहनदत्ताची. आकाशातून हिंडणारे विद्याधर, त्यांच्या विद्या, हरवलेल्या आणि सापडलेल्या प्रेयसी, हसवणाऱ्या उपकथा. प्रेम आणि जादू. ही बृहत्कथा मूळ रूपात आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं तिच्यावरून कथासरित्सागर रचला, आणि तो कशासाठी, तर राणी सूर्यवतीच्या मनाला विरंगुळा म्हणून.

ही आख्यायिका आहे, इतिहास नाही, हे मी जाणते. पण आख्यायिकेलाही अर्थ असतो. या प्रदेशानं जगाला दिलेली पहिली मोठी गोष्ट जादूची प्रेमकथा होती. दरबारानं ती भाषेवरून आणि रूपावरून नाकारली, आणि ऐकणारे मिळाले ते रानात. आमच्या बैठकीत त्या दिवशी मला सारखा तो कुंड दिसत होता.

आणि गाथासप्तशती. हाल या सातवाहन राजाच्या नावानं ओळखली जाणारी, महाराष्ट्री प्राकृतातली सातशे गाथांची ती पोथी म्हणजे बहुतांशी शेतातल्या, नदीकाठच्या, घरातल्या प्रेमाच्या लहान लहान गोष्टी. त्यांतली एक गाथा मला फार प्रिय आहे. वाटसरू पाणपोईवर ओंजळीनं पाणी पितो आहे. नजर वर, पाणी घालणाऱ्या पोरीच्या तोंडावर. पाणी लवकर संपू नये म्हणून तो बोटं फाकवतो. ती ओळखते, आणि आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. एवढंच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. मराठवाडा आणि पाणी म्हटलं की आता टँकर, हंड्यांची रांग आणि ती रेल्वे डोळ्यांसमोर येते. ते खरंच आहे. पण याच गोदावरीच्या काठच्या भाषेत पाण्याची ती बारीक धारही आहे, आणि ती आपल्याला कुणी सांगितलेली नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. माझ्या एकाही वर्गानं ती गाथा ऐकली नाही, कारण मलाच ती निवृत्तीनंतर सापडली. याची मला खंत आहे.

नाथांचंही तेच. पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली काशीत रुक्मिणीस्वयंवर पूर्ण केलं. अठरा प्रसंगांचं ते आख्यान. त्यात अध्यात्म आहेच, पण कथा कसली आहे? भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न नको म्हणून एक मुलगी स्वतः पत्र लिहिते आणि आपल्याला हवा तो माणूस बोलावून घेते. लग्न जमावं म्हणून आपल्याकडं मुलींना हे पारायण करायला लावतात. माझ्या आईनं केलं, मी केलं. देवघरात जी गोष्ट चालते, ती वाचनालयाच्या कपाटात का चालू नये?

मराठी कादंबरीच्या सुरुवातीलाही दोन्ही वाटा होत्या. १८५७ च्या 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांचं दुःख आहे, आणि चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी आली. पुढं समीक्षेनं पहिली वाट राजमार्ग ठरवली आणि दुसरीला बालिश म्हटलं. त्या काळाला त्याची गरजही असेल. आता दीडशे वर्षांनी तोच निवाडा तपासल्याशिवाय पुढं चालवायचं कारण मला दिसत नाही.

इथं माझं म्हणणं उलटं लावलं जाऊ नये म्हणून सांगते. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' मी वर्गात शिकवली आहे. बाजारात भाव पडल्यावर टोमॅटो तुडवणारा तो बाप शिकवताना मागच्या बाकावरची पोरं माना खाली घालायची, कारण त्यांनी तो बाप घरी पाहिलेला असायचा. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात पेढे वाटले. हे साहित्य आपलं हाड आहे. ते कमी व्हावं असं मी कधीच म्हणणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की वाचक म्हणून आपण फक्त आपलं दुःखच पुन्हा पुन्हा का वाचायचं? ज्या बाईनं दुष्काळ भोगला आहे तिला दुष्काळ म्हणजे काय ते पुस्तकातून कळण्याची गरज नाही. तिला त्यातून बाहेर दोन तास हवे आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला आमच्या दुःखाची कादंबरी लागते, ती त्यानं जरूर वाचावी; पण आमचं कपाट त्याच्या गरजेनं भरायचं नाही.

ना. धों. महानोरांकडं पाहा. पळसखेड्यासारख्या कोरडवाहू गावातला शेतकरी. त्यांनी शेतीचे हाल सोसले, त्यावर विधान परिषदेत बोलले, पाण्याच्या प्रश्नावर आयुष्य घातलं. आणि कवितेत त्यांनी ज्वारीचं रान, पाखरं, प्रियकर-प्रेयसी आणली. त्यांना कुणी पळपुटा म्हटलं नाही. मग तोच न्याय एखाद्या कादंबरी लिहिणाऱ्या बाईला का नाही? मला असं दिसतं की 'हलकं' हा शिक्का विषयापेक्षा वाचकावर बसतो. जे साहित्य प्रामुख्यानं बाया आणि तरुण पोरी वाचतात, ते आपोआप हलकं ठरतं. पुरुषांच्या हेरकथा आमच्या वाचनालयात दोन कपाटं भरून आहेत. त्यांच्यावर बैठकीत कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

आणि प्रेम हा विषय मराठवाड्यात हलका आहे तरी का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के. बीडमध्ये ४४ च्या आसपास. जवळजवळ दर दुसरी मुलगी. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, जोडीनं गेलं तर कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, हुंडा लहान वयात कमी लागतो. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. माझ्या वर्गातून नववीच्या दिवाळीनंतर परत न आलेल्या मुलींची नावं मला अजून पाठ आहेत. या मुलींना कुणी कधी विचारलेलं नसतं की तुला काय आवडतं. ज्या पुस्तकात एक बाई तिशीत पोचते, स्वतःचं दुकान चालवते, माणूस निवडायला वेळ घेते आणि आधी 'नाही' म्हणते, त्या पुस्तकात जादू कुठली आहे? माझ्या मते जातं ओवी गातं ही त्यातली किरकोळ जादू. आपल्या मुलीला विचारलं जातं, ही मोठी.

प्रेमकथा वाचून पोरी बिघडतात, हेही बैठकीनंतर चहाच्या वेळी कुणी तरी बोललं. मोबाइलवर त्या काय पाहतात ते आपल्याला माहीत नाही, आणि पुस्तकाला मात्र आपण भितो. प्रेमात आदर कसा असतो, नकार कसा द्यायचा, नकार ऐकून पुरुषानं कसं वागायचं, हे शाळा शिकवत नाही, घर शिकवत नाही. भूकरमापक सातव्या नंबरवर उभा राहतो हा प्रसंग माझ्या गावातल्या प्रत्येक पोरानंसुद्धा वाचावा असं मला वाटतं.

वाचनालयाच्या बाजूनंही विचार करते. निजामाच्या राज्यात आमच्याकडची वाचनालयं ही मराठी टिकवण्याची जागा होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्यांनी हे ओझं वाहिलं. त्या पिढीनं दिलेली गंभीर शिस्त मला आदरणीय आहे. पण १९६७ च्या कायद्यात या संस्थांना नाव दिलं आहे ते 'सार्वजनिक' ग्रंथालय. आज आमच्या वाचनालयात सकाळी सातपासून अभ्यासिकेत पोरं बसतात, स्पर्धा परीक्षेची, भरतीची, नीटची. ती हवीतच. मात्र देवघेव विभागात दुपारभर पंखा नुसता फिरतो. बायकांची सभासदसंख्या दोन आकड्यांत आहे. आम्ही खरेदी करतो ती पुस्तकं कोऱ्या पानांची वर्षानुवर्षं उभी असतात, आणि बायका मालिका पाहतात म्हणून आम्ही हळहळतो. त्यांना हवं ते पुस्तक कपाटात नाही, ही साधी गोष्ट आम्ही कधी तपासत नाही. सरकारकडून वाचनालयाला अ, ब, क, ड वर्ग मिळवायला पुस्तकांची संख्या मोजली जाते. वाचलेली पुस्तकं मोजली तर आमचा वर्ग कुठला ठरेल ते मला लिहवत नाही.

म्हणून माझी मागणी थोडी आहे. दरवर्षीच्या खरेदीत काही भाग सभासदांच्या मागणीनं ठरावा, आणि मागणीचं रजिस्टर बायकांच्या हाती जाईल अशा ठिकाणी ठेवावं. प्रेमकथा, अद्भुतकथा, विनोद यांना 'इतर' या रकान्यात न कोंबता त्यांची स्वतःची फळी असावी. समितीनं त्यांतलं वाईट नाकारावं, जरूर नाकारावं, पण वाचून. स्त्रीला तुडवणारी प्रेमकथा असते, पाठलागाला प्रेम म्हणणारी असते. ती मीच आधी बाजूला काढीन.

बैठकीत नाकारलेल्या कादंबरीची माझी स्वतःची प्रत मी मार्चपासून गावात फिरवते आहे. वहीत नावं लिहिते. आजवर चौदा जणींनी नेली, त्यांत एक अंगणवाडीताई, दोन शिवणकाम करणाऱ्या, आणि शेजारच्या वाडीची अकरावीतली एक मुलगी, जिनं अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं होतं. तिनं ते चार दिवसांत परत केलं. कव्हर फाटलं होतं ते खळीनं चिकटवलेलं होतं आणि आत वहीचा एक कागद घडी करून ठेवला होता. मला वाटलं आभाराची चिठ्ठी असेल. तिनं लिहिलं होतं, "बाई, पुस्तक लई आवडलं. पण जातं खोटं बोलू देत नाही म्हणले होते ना, मग शेवटी मामा खोटं कसं काय गायला? लेखिकेला विचारून सांगाल का?"

ती चिठ्ठी मी पुढच्या बैठकीला सोबत नेणार आहे.